सारंगखेड्याच्या यात्रेतली अंतराळ सफर: १२० रुपये, ६ मिनिटं आणि एक सही

यात्रेला गेलो होतो घोडे बघायला पण भाचा सोबत होता, त्याला घोड्यांच्या आधी निळ्या ताडपत्रीचा तो तंबू दिसला, बाहेर रॉकेटचा बॅनर, आत चार हलणाऱ्या खुर्च्या आणि व्हीआर हेडसेट. माणशी १२० रुपये.

बसायच्या आधी पोऱ्याने छापील कागद पुढे केला, जवळपास सगळा इंग्रजीत. म्हटलं हे काय, तर म्हणे "काही नई भो, सही करा, सगळेच करता." वाचला तर चक्कर आली, पडलात, हार्टचं काही झालं तर मालक जबाबदार नाही. मी विचारलं आज कितीजणांना उलटी झाली? पोऱ्या हसला, "शेवभाजी खाऊन आले का?" (खाऊनच आलो होतो.)

राइड म्हणाल तर सुरुवात झकास. काउंटडाऊनला खुर्ची अशी थरथरते की दात वाजतात, मग खाली निळी पृथ्वी दिसते, भाचा ओरडला मामा आपली तापी कुठाय. पण वजन गेल्यासारखं वगैरे काही नाही, खुर्ची नुसती मागे कलते, आणि हेडसेटचा पट्टा आधीच्या माणसाच्या घामाने ओला, तो पुसायला साधं फडकं पण नाही.

तो कागद मात्र डोक्यातून जाईना. घरी येऊन शोधलं तर अमेरिकेत खऱ्या अंतराळ पर्यटनाचा कायदा पण सहीवरच चालतो राव! तिथलं विमान खातं, म्हणजे एफएए, रॉकेट उडवायला लायसन देतं ते मुख्यतः खाली जमिनीवरच्या लोकांना इजा होऊ नये म्हणून, आत बसणाऱ्याच्या सुरक्षेचे नियम करायला त्यांना २००४ पासून बंदी आहे, धंदा नवीन आहे, आधी शिकू द्या म्हणून. ही सूट २०१२ ला संपणार होती, वाढत वाढत आता १ जानेवारी २०२८ वर गेलीय. मधे २०१४ ला व्हर्जिन गॅलॅक्टिक या अंतराळ सफरीच्या कंपनीच्या टेस्टमधे यान हवेतच तुटून को-पायलट गेला, तरी सूट चालूच. आपल्या यात्रेतल्या आकाशपाळण्याला सुद्धा तपासणी लागते हो.

पण एक गोष्ट तिकडची पटली. कंपनीने लेखी सांगायचं की सरकारने हे यान सुरक्षित म्हणून पास केलेलं नाही, आधीच्या अपघातांचा हिशोब द्यायचा, आणि उडायच्या आधी प्रवाशाला तोंडी प्रश्न विचारू द्यायचे. म्हणजे माझा उलटीचा प्रश्न तिथे हक्काचा होता! आपल्याकडे खासगी अंतराळ कंपन्यांना परवानगी देणारी इन-स्पेस ही सरकारी संस्था आहे, २०२३ चं अंतराळ धोरण आहे, पण संसदेचा कायदा अजून नाही. २०२४ ला आपले भारतीय पायलट गोपी थोटाकुरा ब्लू ओरिजिन या अमेरिकन कंपनीच्या रॉकेटमधून १० मिनिटं वर जाऊन आले, ते अमेरिकेच्याच नियमात. उद्या इथे कोणी तिकिटं काढली तर तो कागद मराठीत पाहिजे एवढंच माझं म्हणणं.

रेटिंग ५ पैकी अडीच. अर्धा कापला कारण भाच्याचा हेडसेट चौथ्या मिनिटाला बंद पडला. पैसे मागितले तर पोऱ्याने तोच कागद उलटा करून दाखवला, मागे एकच ओळ, जाड अक्षरात आणि चक्क मराठीत: पैसे परत मिळणार नाहीत.