नौपाड्यातलं कॉपीराइटच्या वकील मॅडमचं ऑफिस, गाणी करणाऱ्यांनी नक्की जा

मी चाली लावतो, गेल्या वर्षी एका लेबलला (गाणी काढणाऱ्या कंपनीला) गाणं दिलं आणि अ‍ॅग्रीमेंट न वाचताच सही करून बसलो, गाणं लग्नालग्नात वाजतंय आणि मला एक रुपया नाही. मित्राने नौपाड्यातल्या या वकील मॅडमचं नाव सुचवलं. मॅडमनी पेन्सिल घेऊन चारही पानं ओळ न् ओळ वाचली आणि तिसऱ्या पानावर गोल केला, हक्क किती वर्षांसाठी दिले ती मुदतच लिहिलेली नव्हती! अशा वेळी कायदा हक्क ५ वर्षांपुरतेच दिलेत असं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरते. आणि २०१२ च्या दुरुस्तीपासून गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा लेबलला लिहून घेताच येत नाही, वारस किंवा कॉपीराइट सोसायटी (रॉयल्टी गोळा करून वाटणारी संस्था) सोडून कुणालाच नाही. हे ऐकून डोळ्यात पाणी आलं खरंच.

रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही, पण पुरावा म्हणून करून ठेवा म्हणाल्या, सरकारी फी चालीला ५०० आणि रेकॉर्डिंगला २००० रुपये. स्वतःची फी आधीच सांगितली, नंतर वाढवली नाही.

पार्किंग मिळत नाही, स्टेशनवरून चालत जा. लेबलला नोटीस गेलीये. पुढच्या गाण्याचं अ‍ॅग्रीमेंट मॅडमना दाखवूनच सही करणार.