सौम्य स्मृतिभ्रंशात व्यायाम: व्हिडिओ कॉलवरचा थेट वर्ग की टीव्हीवरचे व्हिडिओ?

एका मैत्रिणीच्या सासूबाईंना सौम्य स्मृतिभ्रंश आहे. त्यांच्यासाठी थेट ऑनलाइन वर्ग लावावा की यूट्यूबवरचे व्हिडिओ पुरेत, असे तिने विचारले आहे.

खर्चात व्हिडिओ उघडच स्वस्त पडतात आणि त्यांना वेळेचे बंधनही नसते. सुरक्षिततेत मात्र थेट वर्ग सरस ठरतो, कारण खुर्चीची पाठ धरून टाचा उचलताना तोल जातो आहे, हे शिक्षकाला दिसते व तो लगेच थांबवतो. अर्थात कॅमेऱ्यात पावलांसह पूर्ण शरीर दिसायला हवे. सावरायला घरचे माणूस दोन्ही प्रकारांत शेजारी हवेच.

खरा प्रश्न सातत्याचा आहे. जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम आणि किमान तीन दिवस तोलाचे व्यायाम सुचवते. शिक्षकाने नावाने हाक मारली की टाळाटाळ कमी होते. व्हिडिओत व्यायामाला तयार करण्याचा सगळा भार काळजीवाहकावर पडतो, आणि तो आधीच थकलेला असतो. मात्र रोज तोच व्हिडिओ लावल्यास हालचाली अंगवळणी पडतात, ही त्याची मोठी जमेची बाजू होय.

तोल डळमळीत असेल किंवा काळजीवाहकाला आधार हवा असेल, तर डॉक्टरांना विचारून थेट वर्ग घ्यावा. चाल स्थिर असून सोबतीला रोज कुणी व्यायाम करणार असेल, तर व्हिडिओ पुरेसे आहेत.