महागडं प्रीमियम पेट्रोल घ्यावं का?
मॅन्युअलमध्ये ९१ ऑक्टेन (पेट्रोल इंजिनातली खडखड किती रोखतं त्याचा आकडा) लिहिलेल्या गाडीत एक्सपी१००, म्हणजे १०० ऑक्टेनचं पेट्रोल, ओतणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी. इंजिन नॉक करत नसेल, म्हणजे खडखडत नसेल, तर ऑक्टेन वाढवून ॲव्हरेज वाढत नाही. टर्बो गाडी चढावर खडखडत असेल तर जास्त ऑक्टेनचं घेऊन बघा.

खरी पारख पंपाची करा. फिल्टर पेपर मागा, फुकट मिळतो. नोझलचं तोंड पुसून एक थेंब टाका. दोनेक मिनिटांत उडायला हवा. गुलाबीसर छटा उरली तर तो पेट्रोलचाच रंग. काळपट डाग राहिला तर भेसळीचा संशय घ्या. मापाची शंका असेल तर पंपावरचं सरकारी शिक्क्याचं पाच लिटरचं माप भरून घ्या, फरक २५ मिलीपर्यंतच चालतो.

पावसाळ्यात गर्दीचा पंप बरा. पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल पाणी ओढतं, टाकीत पाणी शिरलं की दोन्ही तळाला बसतं आणि गाडी आचके देत बंद पडते.