बीपीच्या गोळ्या नीट वाचून बघणारं क्लिनिक, कोथरूड

बाबांसाठी गेलो होतो. त्यांची बीपीची गोळी वर्षानुवर्षं तीच, टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली. बीपी कंट्रोलमध्ये म्हणून आधीच्या ठिकाणी पट्टा बांधायचा, आकडा बघायचा आणि तीच चिठ्ठी पुढे. मधल्या काळात शुगर बॉर्डरवर आली, युरिक ॲसिड वाढलं, पायाचा अंगठा रात्रीतून असा सुजला की चादर लागली तरी ओरडायचे, पण या सगळ्याचा बीपीच्या गोळीशी काही संबंध असेल हे कोणी बोललंच नाही.

इथल्या मॅडमनी आधी सगळ्या स्ट्रिप टेबलावर काढायला लावल्या, मागची बारीक अक्षरं स्वतः वाचली आणि हायड्रोक्लोरोथायझाइडभोवती पेनाने गोल काढला. म्हणाल्या, काका, ही लघवीवाटे मीठ-पाणी काढते, त्यासोबत पोटॅशियमही जातं, ते कमी पडलं की इन्सुलिन नीट सुटत नाही, आणि युरिक ॲसिड मात्र अंगातच साठतं. गोळी वाईट आहे असं अजिबात म्हणाल्या नाहीत हे मला फार आवडलं. २००२ च्या ऑलहॅट नावाच्या मोठ्या अभ्यासात याच जातीच्या क्लोरथॅलिडोनवर चार वर्षांनी नवीन डायबेटिस ११.६ टक्के लोकांना आणि अम्लोडिपिन या वेगळ्या जातीच्या बीपीच्या गोळीवर ९.८ टक्के लोकांना झाला, पण हार्ट अटॅक रोखण्यात क्लोरथॅलिडोन कुठेच कमी पडली नाही. फक्त बाबांसारख्या गाऊटवाल्याला (म्हणजे युरिक ॲसिडमुळे सांधे सुजणाऱ्याला) दुसरा पर्याय बरा.

आता टेल्मिसार्टनसोबत अम्लोडिपिन दिलंय, घोटे सुजतात का बघायला सांगितलंय. आणि बाबांनी कौतुकाने आणलेलं लो सोडियम मीठ बंद, कारण त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं आणि टेल्मिसार्टननेही पोटॅशियम वाढू शकतं, हे तर आम्हाला माहीतच नव्हतं! नंतरच्या रिपोर्टमध्ये युरिक ॲसिड खाली आलंय.

आईची अटेनोलॉल ही बीपीची गोळी चालू आहे, डायबेटिसही आहे, तिचंही विचारलं. शुगर एकदम उतरली तर या गोळीमुळे धडधड जाणवत नाही, घाम मात्र येतो, त्यावर लक्ष ठेवा आणि मनानेच गोळी बंद करू नका, असं दोनदा बजावलं.

थांबावं खूप लागतं, पार्किंग शून्य, रिक्षानेच जा. क्लिनिक वरच्या मजल्यावर आहे, गुरुवारी लाईट गेली की लिफ्ट बंद, तेव्हा गुडघेदुखीवाल्यांनी आधी फोन करून जा. जाताना जुने रिपोर्ट आणि चिठ्ठीसोबत स्ट्रिपसुद्धा न्या.