‘कापलेली आहे, दीडशे डॉलर देतो’ : वारशाने आलेल्या रायफलीचा भाव आणि वारसांची लूट

अमेरिकेत वारशात आलेली जुनी लष्करी रायफल बहुतेक वेळा ‘स्पोर्टराइज’ केलेली, म्हणजे शिकारीसाठी बदललेली निघते. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश ली-एन्फिल्ड, अमेरिकी स्प्रिंगफील्ड, जर्मन माउझर अशा लष्करी रायफली तिथं अगदी स्वस्तात मिळत. हरणाच्या शिकारीसाठी लोक पुढचं लाकूड कापत, लष्करी साइट काढून दुर्बीण बसवत, कधी नळीही आखूड करत. मूळ रूपातल्या रायफलीला संग्राहक चांगले पैसे मोजतात, कापलेलीला त्याच्या मानानं फारच कमी. हे खरंच आहे, आणि लुबाडणारा बोलायला सुरुवात याच खऱ्या वाक्यानं करतो.

सगळ्यात वाईट लूट ली-एन्फिल्ड नंबर 4 च्या बाबतीत होते. दुकानदार रायफल हातात घेतो, बॉडीच्या, म्हणजे नळीमागच्या पोलादी भागाच्या, डाव्या बाजूची भोकं दाखवतो आणि म्हणतो, “कुणीतरी ड्रिल मारलंय, किंमत गेली.” वारसाला ते पटतं, कारण भोकं समोर दिसत असतात. पण त्याच बाजूला ‘T’ असा ठसा असेल, तर ती भोकं हौशी गनस्मिथची नव्हेत. स्नायपर रायफलीच्या दुर्बिणीचे पॅड बसवायला ती मुळातच पाडलेली असतात. बटच्या, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या लाकडाच्या, खालच्या अंगाला ‘S51’ दिसलं, तर तो हॉलंड अँड हॉलंड या लंडनच्या कंपनीचा संकेत. युद्धकाळात हे रूपांतर तिथं होई. मग पुढचा प्रश्न सहज विचारल्यासारखा येतो : “तळघरात पत्र्याचा डबा, चामड्याचे पट्टे, असलं काही आहे का? तेही घेऊन जातो.” त्या डब्यात नंबर 32 दुर्बीण असू शकते. तिच्या ब्रॅकेटवर रायफलीचाच नंबर असला, तर जोडी मूळची. नुसती दुर्बीणसुद्धा साध्या कापलेल्या रायफलीपेक्षा कितीतरी महाग जाते. म्हणून घरातला एकही स्क्रू, लाकडाचा तुकडा किंवा कागद आधी देऊन टाकू नका. युद्धावरून शस्त्र घरी आणल्याचा लष्करी परवानगीचा कागद सापडला, तर माउझरची किंमत त्यानंच वाढते.

दुसरी धमकी हेडस्पेसची, म्हणजे नळीची मागची बाजू बंद करणारा सरकता बोल्ट आणि चेंबर यांच्यात काडतुसासाठी असलेल्या जागेची; ती गेजनं मोजतात. “गेज पास होत नाही, उडवली तर फुटेल, भंगार म्हणून घेतो.” नंबर 4 चं बोल्ट-हेड सुटं असतं आणि 0 ते 3 अशा चार आकारांत येतं. मोठ्या आकाराचं लावलं की पुष्कळदा माप जमतं. गेज समोर लावून दाखवायला सांगा; नंबर 4 च्या .303 काडतुसासाठी लष्करी कमाल मर्यादा 0.074 इंच आहे.

स्प्रिंगफील्ड 1903 बाबत मात्र इशारा खरा असू शकतो. स्प्रिंगफील्ड आर्मरीचा 8,00,000 खालचा किंवा रॉक आयलंडचा 2,85,507 खालचा नंबर असेल, तर पोलाद जास्त तापवल्यामुळे रिसीव्हर (म्हणजे बॉडीच) ठिसूळ असण्याची भीती आहे. ती उडवू नयेच. पण न उडवण्याजोगी म्हणजे बिनकिमतीची नव्हे. नळीवर ग्रिफिन अँड हाउ यांचं नाव कोरलेलं असेल, तर ती नामांकित कारागिरांनी बनवलेली शिकारी रायफल आहे. तिचा हिशेब ‘बिघडवलेली लष्करी रायफल’ म्हणून करणारा एक तर अडाणी आहे, नाहीतर चोर.

उलट दिशेनंही फसवतात. आपल्या इशापूरच्या शस्त्र कारखान्यातल्या 7.62 मिमीच्या रायफली तिकडे गेल्या आणि काही आयातदारांनी त्या आखूड करून विकल्या. आता त्याच ‘दुर्मिळ जंगल कार्बाइन’, म्हणजे मुळातच आखूड बनवलेली लष्करी रायफल, म्हणून खपवल्या जातात. इशापूरनं असली कार्बाइन सैन्याला कधी दिलेली नाही.

भाव काढण्याआधी मॅगझिन काढा, बोल्ट उघडा, चेंबर रिकामा आहे हे बोट घालून तपासा. मग बोल्ट बंद करून नळीतून क्लीनिंग रॉड बोल्टला टेकेपर्यंत सोडा, तोंडाशी खूण करा आणि रॉड बाहेर काढून मोजा. नंबर 4 ची मूळ नळी 25.2 इंच, स्प्रिंगफील्डची 24, एम1917 या अमेरिकी लष्करी रायफलीची 26. माप पूर्ण भरलं, रिसीव्हरला जादा भोकं नाहीत आणि फक्त लाकूड कापलेलं आहे, तर रायफल पुन्हा मूळ रूपात आणता येते. गिऱ्हाईकही नेमकी अशीच शोधत असतं. नळी 16 इंचांपेक्षा कमी भरली, तर कायद्याचा प्रश्न येतो; विक्रीचं नाव काढण्याआधी वकील गाठा. पॉलिश पेपर लावू नका, नवं ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) करू नका. भाव बघताना लिलावात प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या किमती बघा; मागितलेल्या किमतींना अर्थ नाही.

“दुसऱ्या राज्यात नेणं बेकायदा आहे, आजच विकून मोकळे व्हा,” असंही सांगतात. मृत्युपत्रानं किंवा वारसाहक्कानं आलेल्या शस्त्राला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात सवलत आहे. वारस शस्त्र बाळगायला पात्र हवा आणि त्याच्या राज्याच्या कायद्यात ते शस्त्र बसायला हवं.

मूल्यांकन करणारा ठरावीक फी घेणारा असावा, आणि ती रायफल तो स्वतः विकत घेणार नाही हे आधीच लिहून घ्या. “दोन दिवस ठेवून जा” म्हणाला, तर बॉडीचा आणि बोल्टच्या दांड्याचा नंबर पावतीवर लिहून घेतल्याशिवाय दुकानातून हलू नका. जुळत्या नंबरचा बोल्ट काढून भलताच घालायला अर्धा मिनिटही लागत नाही, आणि नंतर ते सिद्ध करायला तुमच्याकडे त्या पावतीखेरीज काही नसतं.