पांढरं तेवढंच जळलं, तरी मी लम्पी मानली

10,500 रुपये गेले आणि 68,000 ची संकरित गायही गेली. लाज वाटते, तरी लिहितोय, कारण ज्या बोगस जनावरांच्या डॉक्टरनं फसवलं, तो चोपडा-यावल पट्ट्यात अजून फिरतोय.

मे महिना. सातपुड्याच्या पायथ्याला तेव्हा हिरवी दिसते ती घाणेरीची झुडपं. कडबा संपत आलेला, गाय बांधाबांधानं चरली. चार दिवसांत खाणं सुटलं, शेण कडक झालं, डोळे पिवळे, अंगावरची कातडी फाटायला लागली. 2022 ला लम्पीनं, म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी उठवणाऱ्या रोगानं, आमचा जळगाव जिल्हा रडवलेला. डोक्यात तेच बसलेलं. त्यात मोटारसायकलवर पेटी बांधून हा 'डॉक्टर' दारात. बघताक्षणी लम्पी ठरवली. तीन इंजेक्शनं 2,500 प्रमाणे 7,500, पावडर 1,800, चार फेऱ्यांचे 1,200. पावती नाही. वर सांगितलं, उन्हात बांधा, जखमा सुकतील.

मी बांधली!

दुसऱ्याच दिवशी आई म्हणाली, "पांढरं तेवढंच कसं जयनं रे भाऊ?" खरंच, काळे पट्टे जसेच्या तसे, मऊ. गाठ एकही नाही. लम्पीची गाठ रंग बघून उठते का? आईनं बोट ठेवून दाखवलं आणि मी तिलाच गप्प केलं. रात्रभर जागणारा, दुधावर घर चालवणारा माणूस कोणाचं तरी ऐकतोच. गाठी नसतील तर कोणालाही लम्पीचे पैसे देऊ नका.

गाय गेल्यावर फोटो बघून एका पशुवैद्यांनी सांगितलं: घाणेरीतलं लँटाडीन नावाचं विष यकृत बिघडवतं, पित्त अडतं. मग चाऱ्यातल्या हरितद्रव्यापासून बनणारं फायलोएरिथ्रिन शरीराबाहेर न जाता रक्तात साचतं. त्यावर ऊन पडलं की पांढरी कातडी भाजते, काळीला तिचा रंग वाचवतो. म्हणजे पहिला इलाज सावली, घाणेरी बंद, पोटातला पाला लवकर बाहेर काढणं. मी पैसे देऊन नेमकं उलटं करून घेतलं.

जनावरांच्या दवाखान्यात गेलो तर, "पुरण्याआधी शवविच्छेदन का नाही केलं?" अरे, पाच दिवस फोन करत होतो, तो उचलला असता तर पुरायची वेळ आली असती का? पोलीस म्हणाले पावती आणा. पावती देणारा फसवेल कशाला? तिथून परत दवाखान्यात पाठवलं, बोगस डॉक्टरची तक्रार त्यांनी द्यायची म्हणे. ते म्हणतात पोलिसांचं काम. तीन चकरा, सही कोणाचीच नाही.

सुई टोचू देण्याआधी पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. 1962 वर फोन लावा, तारीख-वेळ लिहून ठेवा. त्याच्या मोटारसायकलचा नंबर मी घेतला नाही, तुम्ही घ्या.