९११ एससीला कॅरेराच्या २४ मिमी डिस्क: काही महिने चालवल्यानंतर

पोर्शे ९११ एससी (१९७८ ते १९८३) मुळातच उत्तम थांबते. चारही चाकांना व्हेंटिलेटेड (आतून हवा खेळणाऱ्या) ब्रेक-डिस्क आणि वजन साधारण ११६० किलो. त्यामुळे ब्रेक कमी पडत होते म्हणून हा खर्च केला, असं नाही. डिस्क झिजून मर्यादेपर्यंत आल्या होत्या, बदलणं भाग होतं. मूळ मापाच्याच घ्यायच्या की पुढच्या पिढीतल्या ३.२ कॅरेराच्या जाड डिस्क लावायच्या, एवढाच प्रश्न होता. मी कॅरेराच्या लावल्या आणि आता भरपूर चालवून झाल्यावर लिहितोय.

आधी मापं. एससीची पुढची डिस्क २०.५ मिमी जाड, मागची २० मिमी. कॅरेराला पुढे-मागे दोन्हीकडे २४ मिमी. व्यास मात्र जवळजवळ तोच, म्हणजे पुढे २८२ आणि मागे २९० मिमीच्या आसपास. अपग्रेडचा विचार करणाऱ्यांच्या नजरेतून नेमकं हेच निसटतं. डिस्कची पकड ठरते ती व्यास, पॅडला (डिस्कवर घासून ती थांबवणाऱ्या तुकड्याला) ढकलणाऱ्या पिस्टनचं क्षेत्रफळ आणि पॅडच्या घर्षणावर. जाडीचा तिच्याशी संबंध नाही. शिवाय करकचून ब्रेक मारल्यावर गाडी किती अंतरात थांबेल, हे शेवटी टायर ठरवतात. म्हणून नव्या डिस्क लावून पहिल्याच ब्रेकला काही चमत्कार दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. मला तरी काडीचाही फरक जाणवला नाही.

फरक कळला तो लांब उतारावर. ताशी १०० किमी वेगातल्या या गाडीत, चालक धरून, साधारण ४७५ किलोज्यूल ऊर्जा असते. थांबताना तिचा बहुतेक भाग या चार डिस्क पोटात घेतात. वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा चौपट. जाड डिस्कमध्ये लोखंड जास्त, म्हणून तेवढ्याच उष्णतेत ती कमी तापते. पूर्वी एकामागून एक वळणं घेत खाली येताना थोड्या वेळाने पेडल जोरात दाबावं लागायचं आणि पॅडचा जळका वास यायचा. आता उताराच्या तळाशीही पाय तेवढाच दाबावा लागतो जेवढा वर दाबला होता. माझ्या दृष्टीने याच एका गोष्टीसाठी सगळा खटाटोप सार्थकी लागला.

आता जुळणीकडे वळतो, कारण खरा धोका तिथे आहे. २४ मिमीची डिस्क एससीच्या कॅलिपरमध्ये, म्हणजे पिस्टन आणि पॅड धरून डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या भागात, मावतच नाही, त्यामुळे कॅलिपरही कॅरेराचे घ्यावे लागतात. पुढच्या कॅलिपरचे पिस्टन दोन्ही गाड्यांत ४८ मिमीचेच आहेत. मागचे मात्र एससीत ३८ मिमी, कॅरेरात ४२ मिमी. चार मिलिमीटर किरकोळ वाटतात, पण क्षेत्रफळाचा हिशेब केला तर मागची पकड सुमारे २२ टक्क्यांनी वाढते आणि पुढची आहे तेवढीच राहते. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असलेल्या गाडीत वळणावर ब्रेक मारताना मागची चाकं आधी लॉक झाली, तर शेपटी बाहेर फेकली जाते आणि सावरायला वेळ मिळत नाही. कॅरेरात यासाठी मागच्या ब्रेकच्या लाइनवर एक व्हॉल्व्ह असतो. ठराविक मर्यादेनंतर तो मागचा दाब पुढच्याइतका वाढू देत नाही. कॅलिपर आणि डिस्क मिळवताना हा छोटा भाग हमखास राहून जातो. मी तो मिळेपर्यंत काम सुरूच केलं नाही आणि कुणी विचारलं तर हाच सल्ला देईन.

फक्त पुढचा संच बदलला तर? व्यास तोच, पिस्टन तोच, म्हणून थंड अवस्थेत समतोल बिघडत नाही. पण या गाडीत मागचे ब्रेक इतर गाड्यांपेक्षा बरंच जास्त काम करतात, आणि पातळ मागच्या डिस्क आधी तापतात. म्हणजे अर्धीच कमाई. पॅड मात्र पुढे-मागे एकाच कंपाउंडचे (घर्षण-मिश्रणाचे) हवेत. पुढे रेसिंगचे आणि मागे साधे, असली खिचडी रस्त्यावरच्या गाडीत करू नये.

बसवताना सगळ्यात जास्त वेळ पुढच्या हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या फिरत्या भागावर, गेला. डिस्क हबच्या मागून बोल्ट केलेली असते, त्यामुळे हब उतरवावाच लागतो आणि बेअरिंगचा ताण पुन्हा लावावा लागतो. बेअरिंगसमोरचा वॉशर स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने, जोर न लावता, जेमतेम सरकला पाहिजे. हबचा टेकणारा पृष्ठभाग गंज काढून लख्ख करा आणि डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं मोजमापाचं साधन) लावून डिस्क किती डोलते ते बघाच. माझ्याकडे एका बाजूला ती जास्त डोलत होती. डिस्क हबवर एक भोक फिरवून बसवल्यावर गेजचा काटा जवळजवळ स्थिर झाला. पुढे महिन्यांनी येणारी स्टिअरिंगची थरथर बऱ्याचदा याच आळसातून जन्मते: डोलणारी डिस्क पॅडला घासत राहते, जाडी कमी-जास्त होते, आणि लोक म्हणतात डिस्क वाकली.

मागच्या डिस्कच्या पोटात हँडब्रेकचा ड्रम असतो, म्हणून त्या ड्रमला आतून दाबणारे शूज नव्याने जुळवावे लागतात. ब्रेक ऑइल डॉट ४ दर्जाचं घातलं.

भोकं पाडलेल्या डिस्क मी मुद्दाम टाळल्या. १९७८ च्या ३.३ टर्बोला त्या होत्या हे खरं, पण तिचे ब्रेक ९१७ या रेसिंग गाडीच्या ब्रेकवर आधारलेले, संपूर्ण वेगळ्या ताकदीचे होते. सततच्या उष्णतेत भोकांच्या कडेला बारीक तडे जातात आणि माझ्या वापरात त्यांचा फायदा दिसत नाही.

खटकलेल्या गोष्टी दोन. मागचे पिस्टन मोठे, म्हणून ऑइल जास्त लागतं आणि पेडल पूर्वीपेक्षा किंचित खोल जातं. सवय होते, पण पहिले काही दिवस जाणवतं. दुसरं, चाकांवरचं वजन वाढलंय. खराब रस्त्यावर पुढची चाकं जरा जास्त आपटतात, असं मला वाटतं.

आता पॅड काढून मोजले तेव्हा डावी-उजवी बाजू सारखीच झिजलेली होती आणि मागचे पुढच्यांपेक्षा थोडे कमी. पुढच्या खेपेलाही हेच कंपाउंड घेणार आहे.